फुसका बार ओळखणारा माणूस

रेंजवरच्या पहिल्या दिवशी दस्तगीरभाईंनी मला रायफलला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीवर गोणपाट अंथरलं, त्यावर क्लबची एक जुनी रायफल ठेवली, माझ्या हातात पेचकस दिला आणि म्हणाले, "खोला."

मी म्हटलं, "मी नेम धरायला शिकायला आलेय."

"धराल की नेम. आधी ही खोला. जी खोलता येत न्हाई ती रायफल आपली न्हवं."

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. कामथडीजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते, अजूनही शिकवते. कॉलेजात असताना एनसीसीत थोडी नेमबाजी केली होती. पुढं नोकरी, लग्न, मुलगी यात ती मागं पडली. मुलगी मोठी झाली, आणि एक दिवस कळलं की वेल्ह्याच्या बाजूला डोंगराला पाठ लावून एका क्लबनं तीनशे मीटरची रेंज केली आहे. एका रविवारी मी तिथं जाऊन उभी राहिले. तीनशे मीटरवरचा निशाणाचा काळा ठिपका नुसत्या डोळ्यांना मोहरीएवढा दिसतो. त्या मोहरीच्या मध्यात गोळी घालायची, तीही साठ वेळा. मला वाटलं होतं यात अवघड भाग नेम हाच असणार.

दस्तगीर मुलाणी हे भोरचे. सैन्यात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी भोरच्या पेठेत एक लहानसं दुकान टाकलं होतं. तिथं शिलाई मशिनी, स्टोव्ह, कुकर, कुलपं असं काहीही दुरुस्त व्हायचं. शनिवार-रविवार दुकान बंद. एसटीनं ते नसरापूरच्या फाट्यावर यायचे, तिथून मी त्यांना माझ्या गाडीत घ्यायची. साठी उलटलेली, अंगानं काटक, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, कातरलेली पांढरी दाढी, चष्म्याला मागून दोरी. गाडीत बसण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

"स्टेपनीत हवा हाय का?"

स्टेपनी आहे का, असं ते विचारायचे नाहीत. तिच्यात हवा आहे का, असं विचारायचे. सुरुवातीला मी "असेल की" म्हणाले. त्यांनी मला फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर, डिकी उघडायला लावली आणि स्टेपनीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. हवा भरून होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मगच गाडीत बसले.

"आन् ते न्हाई चाललं तर?" हे त्यांचं पालुपद. कुणी काहीही ठरवलं की ते शांतपणे एवढंच विचारत. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, उद्घाटनाला जनरेटर आणलाय. "आन् ते न्हाई चाललं तर?" माझ्या मुलीनं एकदा त्यांना सांगितलं, मी डॉक्टर होणार. तिलाही त्यांनी तेच विचारलं, पण ज्या मायेनं विचारलं त्यामुळं ती रागावली नाही. उलट दुसरं काय करता येईल याचा बसून विचार करायला लागली.

त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मी भोरला गेले होते. दोन टेम्पो, दोन आचारी, मंडपाच्या मागं ताडपत्रीचा आणखी एक भारा. सगळं सुरळीत पार पडलं, राखीव काहीच लागलं नाही. निरोपाच्या वेळी नातलगांनी त्यांना जावयाला दोन शब्द सांगायला पुढं केलं. ते पुढं आले, जावयाचा हात हातात घेतला आणि त्यांना एक शब्द फुटेना. बायकोकडं पाहिलं, तीही रडत होती. शेवटी जावयाच्या पाठीवर दोन थापा मारून ते मंडपाबाहेर गेले आणि ताडपत्रीच्या त्या भाऱ्यावर जाऊन बसले.

रेंजवर शनिवार बिघाडाचा असे आणि रविवार नेमाचा. शनिवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी हत्यारांच्या खोलीत जायचे आणि कुणाच्या तरी रायफलीत काहीतरी करून ठेवायचे. नेम धरायच्या साईटचा स्क्रू अर्धा आटा ढिला. हाताला रायफल आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा टाका उसवलेला. मागच्या साईटच्या भोकात पाण्याचा थेंब. खऱ्या गोळ्यांमध्ये एक खोटी. इजा होईल असं काही नाही, आणि सेक्रेटरींच्या कानावर घातल्याशिवाय तर काहीच नाही. ज्याची रायफल असेल त्याला मात्र माहीत नसे.

माझ्यावर पाळी आली तेव्हा मी सात गोळ्या मारल्या आणि सातही उजवीकडं गेल्या. मी श्वास बदलला, कोपर हलवलं, वाऱ्याला दोष दिला. आठवी पार निशाणाबाहेर. मी मागं वळून पाहिलं. दस्तगीरभाई पाठीमागं हात बांधून तोरण्याकडं बघत उभे होते. तेव्हा कळलं.

"मुद्दाम केलंत ना?" मी चिडून विचारलं. "माझी सकाळ वाया गेली."

"आठ गोळ्या वाया गेल्या. दुसरीलाच थांबला आसता तर सहा वाचल्या आसत्या." मग माझ्याशेजारी उकिडवे बसत म्हणाले, "बाई, तुमी गनिताच्या. उत्तर चुकलं की पोरं काय करत्यात? तेच गनित पुन्ना त्याच चुकीनं सोडवत्यात. तुमी बी तेच केलं."

त्यांचा क्रम होता: आधी रायफल खाली, मग हात वर, मग डोकं. नळीचं तोंड निशाणाकडं, नळी मागून बंद करणारा बोल्ट उघडा, बोट चापापासून लांब, आणि हात वर करून पंचांची वाट बघायची. काय झालं असेल याचा विचार त्यानंतर. हा क्रम त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतला की माझ्या स्वप्नातसुद्धा काही बिघडलं की मी हात वर करायची. प्रत्येकाची पेटी ते बघायचे. पट्टा दोन, साईटचे स्क्रू चार, चाप ओढल्यावर गोळीच्या बुडावर आपटणारी पिन एक जादा, नळीत घालायची पितळी सळई, कोरडं फडकं, चष्मा दुसरा. पुण्याहून एक उद्योजक यायचे. त्यांची रायफल परदेशी, पेटीला आतून मखमल. एकदा एवढ्या लांब येऊन त्यांनी पेटी उघडली, तर बोल्ट घरी जेवणाच्या टेबलावर राहिलेला. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसता दांडका. सगळे हसले. दस्तगीरभाई हसले नाहीत. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर सामानाची यादी लिहिली आणि त्यांच्या हातात दिली. "दाराला आतनं चिकटवा. भायेर पडताना बगा." पुढं त्या गृहस्थांनी ती यादी चौकट करून लावली म्हणे.

रायफल दगा देते असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. "ती कशाला दगा दील? ती आधी सांगत आसती. आपन ऐकत न्हाई."

हे ऐकण्याचं वेड मला विचित्र वाटायचं. गोळीबार चालू असताना लायनीवर सगळ्यांचे कान झाकलेले असतात. दस्तगीरभाई मागं उभे राहायचे ते एक कान झाकून आणि दुसऱ्या कानावरची वाटी अर्धी सरकवून. मी एकदा म्हटलं, "कान जातील तुमचे." ते म्हणाले, "जातील की. पर तवर ऐकू तर यील."

तिसऱ्या वर्षी राज्याच्या संघाची निवड चाचणी आमच्याच रेंजवर ठरली. बायकांच्या गटात चार जागा होत्या. माझे सरावातले गुण बघता मला एक जागा मिळण्यासारखी होती. दस्तगीरभाईंनी क्लबची दुसरी रायफल माझ्या मापाला लावून, राखीव म्हणून मागच्या टेबलावर ठेवली होती.

सकाळी हवा स्वच्छ होती, वारा जवळजवळ नाही. मी चांगलं मारत होते. तिसाव्या गोळीच्या आसपास माझ्या पट्ट्याची कडी तुटली. डावा हात एकदम सैल पडला, रायफल खाली झुकली. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पण माझं डोकं चालायच्या आतच हातांनी आपलं काम केलं होतं: रायफल खाली, बोल्ट उघडा, हात वर. पंच आले, बघून मान हलवली. दुसरा पट्टा पेटीत उजव्या बाजूला वरच होता. चार मिनिटांत मी पुन्हा निशाणावर होते आणि पुढच्या पाचही गोळ्या मध्यात गेल्या. मागं बघायची मुभा नव्हती, पण दस्तगीरभाईंनी ते पाहिलं असणार या विचारानं मला आतून बरं वाटलं.

पन्नाशीच्या पुढं गेल्यावर मी एक गोळी भरली, श्वास सोडला, बोट चापावर आलं. आणि मागून आवाज आला.

"स्टॉप! सात नंबर, बोल्ट उघडा! सात नंबर!"

माझं बोट दचकलं. गोळी सुटली आणि डावीकडं खाली गेली. दहापैकी सात गुण. तशा सामन्यात सात म्हणजे पायरी चुकल्यासारखंच.

मागच्या माणसानं लायनीवर ओरडायचं नाही असा नियम आहे. मुख्य पंच तावातावानं दस्तगीरभाईंकडं निघाले. ते मात्र सात नंबरकडं बोट दाखवून एकच म्हणत होते, "आधी तिची रायफल बगा. मला मागनं बोला."

सात नंबरवर दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी होती, वीस-बावीसची. तिचा बोल्ट बंद होता, आत नवी गोळी भरलेली. पंचांनी ती काढायला लावली आणि पुढून नळीत सळई घातली. सळई आरपार जायला हवी होती. ती मध्येच, मागच्या टोकाला वीतभर राहिली असताना अडली. आधीची गोळी नळीत रुतून बसली होती. दारू दमट असेल किंवा कमी भरली असेल. गोळीला निशाणापर्यंत जायला जोरच मिळाला नव्हता. फुसका बार. त्यामागं दुसरी गोळी सुटली असती तर कोंडलेला जोर मागं आला असता, तिच्या चेहऱ्यावर.

मुलीला अजून काही कळलं नव्हतं. ती म्हणत होती, "सर, माझी एक गोळी मिस झाली ना? पुढची मारू द्या, वेळ जातोय."

दस्तगीरभाई तिच्याजवळ बसले. सळईवर बोटानं खूण करून, गोळी कुठं अडकली आहे ते त्यांनी तिला दाखवलं. "ही गेली न्हाई भायेर. हिच्यामागं तुमी दुसरी पाठवत हुता." तिनं सळईकडं पाहिलं, रायफलीकडं पाहिलं आणि तिचा हात आपोआप तिच्या गालावर गेला, जिथं नेम धरताना दस्ता टेकतो तिथं.

"माझी मॅच?" तिनं विचारलं.

"हाय की मॅच. दुसरी रायफल घ्या." आणि त्यांनी मागच्या टेबलावरची, माझ्यासाठी लावून ठेवलेली रायफल उचलून तिला दिली. पंचांची परवानगी काढली. पाच-सात स्क्रू फिरवून ती तिच्या मापाला बसवली. माझ्या रायफलीला आता काही झालं असतं तर माझ्याकडं दुसरी नव्हती. मला त्यांनी विचारलं नाही. माझ्यामागून जाताना फक्त म्हणाले, "बाई, गेलेला शॉट गेला. पुढचे मारा." तोंडी ताकीद त्यांना मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतली.

मी पुढचे मारले. मुलीनं परक्या रायफलीनं सामना पूर्ण केला. ती बरीच खाली राहिली, पण साठही गोळ्या तिनं मारल्या. माझी जागा एका गुणानं गेली.

परतीच्या वाटेवर माझा त्यांच्यावर राग होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला खात्री होती?"

"न्हाई."

"मग?"

"खात्री हुईपतूर तिनं दाबला आसता, बाई."

गाडी नसरापूरच्या जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "थोडं बाजूला घेता का?" मी गाडी थांबवली. समोरच्या काचेतून बघत त्यांनी मला कोंडिबाची गोष्ट सांगितली.

कोंडिबा हिर्डोशीचा. दोघं एकाच पलटणीत होते. कोंडिबा पलटणीचा चांगला नेमबाज आणि दस्तगीरभाई तरुण आर्मरर. एका सामन्यात कोंडिबाचा एक बार फुसका वाजला. "म्या मागं उभा हुतो. ऐकला. सायेब घड्याळ बगत हुते, आमी एका गुनानं पुढं हुतो. म्या म्हनलं, पुढचा मारू दे, मग बगू." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "पुढचा मारला त्यानं. नळी फुटली. उजवा डोळा गेला, आंगठा गेला, हे बोट अर्धं."

चौकशीत दारूगोळा सदोष ठरला. कुणावर ठपका आला नाही. दस्तगीरभाईंनाही कुणी काही विचारलं नाही.

"म्या ऐकलं हुतं, हे म्या आजवर कुनाला बोललो न्हाई."

"कोंडिबांना?"

"त्याला तर न्हाईच."

पस्तीस वर्षं ते दर दोन महिन्यांनी हिर्डोशीला जात होते. एसटी जिथं सोडेल तिथून चालत. साखर, चहा, औषधं न्यायचे. कोंडिबाच्या घरातल्या कंदिलापासून रेडिओपर्यंत सगळ्याला त्यांचा हात लागला होता. कोंडिबाच्या मुलांना ते चुलता होते. मी न राहवून म्हणाले, "सांगून टाका त्यांना." त्यांनी मला गाडी चालू करायची खूण केली. फाटा आला, ते उतरले आणि एसटीच्या दिशेनं गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "बाई, रविवारी हिर्डोशीला येता का? म्या एकटा गेलो की तोंड उगडत न्हाई. कुनी संगं आसलं की मागारी फिरता येनार न्हाई."

आम्ही गेलो. रस्ता धरणाच्या पाण्याला धरून घाटाकडं चढत गेला. कोंडिबा अंगणात बसून नाचणी पाखडत होते. डाव्या हातानं सूप हलवायचे आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी त्याला आधार द्यायचे. सून चहा देऊन शेताकडं गेली. दस्तगीरभाईंनी साखरेचा पुडा ओट्यावर ठेवला. चहा घेतला. कप खाली ठेवला. मग काही प्रस्तावना न करता म्हणाले,

"कोंडिबा, नळी फुटायच्या आदीचा तुजा बार फुसका वाजला हुता. म्या ऐकला हुता. म्या तुला थांबिवलं न्हाई."

सूप थांबलं नाही. कोंडिबांनी दोनदा पाखडलं, कोंडा फुंकला, मग सूप मांडीवर ठेवलं.

"म्या बी ऐकला हुता," ते म्हणाले.

दस्तगीरभाई त्यांच्या पुढ्यात सरकले.

"नळी माज्या गालाला हुती. मला न्हाई का कळनार? खांद्याला धक्काच बसला न्हाई. म्हनलं, हात वर केला तर वेळ जाईल, सायेब काय म्हनतील, एक गुन तर पुढं हावो. मारला." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तू पयल्यांदा दवाखान्यात आलास तवा तुला सांगनार हुतो. तुजं त्वांड बघितलं आन् राहिलं. मंग तू साखर घिऊन यायला लागलास. म्हनलं, ह्याला आता सांगितलं तर हा यायचा बंद हुईल."

कोंबड्या कोंड्यात टोचत होत्या. दस्तगीरभाई खाली बघत म्हणाले, "पस्तीस वर्सं."

"व्हय. लई साखर झाली," कोंडिबा म्हणाले. "पर आता बंद करू नगंस."

मी उठून अंगणाच्या कडेला गेले. मागं वळून बघितलं तेव्हा दस्तगीरभाई सुपाची दुसरी बाजू धरून बसले होते आणि दोघं मिळून नाचणी पाखडत होते. परत येताना भोरला उतरले तेव्हा ते म्हणाले, "शनवारी येळेवर या. नव्या पोरींस्नी पिन बदलायला शिकवायचं हाय."

पुढच्या वर्षी मला संघात जागा मिळाली. बातमी सांगितली तेव्हा त्यांनी आनंदानं मान हलवली आणि पट्ट्याच्या सगळ्या कड्या बदलल्या का ते विचारलं.

त्याच हंगामात एका शनिवारी त्यांनी मला बाजूला बोलावलं. उडवलेल्या गोळ्यांच्या मूठभर रिकाम्या पुंगळ्या माझ्या हातात दिल्या. "म्या पाठ करून उभा ऱ्हातो. तुमी मागं धा पावलांवर एकेक दगडावर टाका. मला ऐकू आली की म्या हात वर करीन. कितींदा केला ते मोजा."

मी दहा टाकल्या. हात सहादा वर आला.

"किती?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्यापुढं ते जमेना. "सहा."

"पुन्ना."

दुसऱ्यांदा पाच. ते तडक सेक्रेटरींकडं गेले आणि म्हणाले, "आजपासून म्या लायनीमागं उभा ऱ्हानार न्हाई. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं तितं उभं ऱ्हाऊ नये. बाई उभ्या ऱ्हातील."

मी म्हटलं, "मला सामने खेळायचेत, भाई."

"खेळा. ज्या दिशी तुमची मॅच त्या दिशी दुसरं कुनी तरी. म्हंजे दोघं तयार करा."

सेक्रेटरींनी, मीही, पुष्कळ समजावलं. कानाचं यंत्र घ्या, नुसते खुर्चीवर बसा, तुम्ही असलात की धीर असतो. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं ठरलं होतं. त्या दिवसापासून ते हत्यारांच्या खोलीत बसून सफाई आणि दुरुस्ती करत. बार वाजायला लागले की मान वर करून खिडकीतून लायनीकडं बघत आणि पुन्हा कामाला लागत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या जागी उभी राहिले तेव्हा एका कानावरची वाटी अर्धी सरकवली. साठ गोळ्यांतला प्रत्येक आवाज वेगळा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दस्तगीरभाई पुढच्या हिवाळ्यात गेले, झोपेत. मी सामन्यासाठी बाहेरच्या राज्यात होते. माती द्यायच्या वेळेला पोचू शकले नाही. त्यामुळं माझ्या मनात त्यांचं शेवटचं म्हणून राहिलेलं चित्र त्याआधीच्या पावसाळ्यातलं आहे, रेंज बंद असतानाचं.

कोंडिबांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दस्तगीरभाईंनी पुण्यात डॉक्टर गाठला, कागदपत्रं केली, ऑपरेशनचा दिवस ठरवला. एकच डोळा, तेव्हा चूक चालणार नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचंही मत घेतलं होतं. ऑपरेशन ठरल्या वेळी झालं, कोंडिबांना दिसायलाही लागलं; पण त्यासाठी त्यांना आदल्या दिवशी खाली आणायचं होतं. मी दस्तगीरभाईंना गाडीत घेऊन निघाले. हिर्डोशीच्या अलीकडं दोन-तीन किलोमीटरवर दरड आली होती. रस्ताभर माती, मुरूम, मोठाले धोंडे. एक जेसीबी काम करत होता. वर डोंगरावरून पाणी झिरपत होतं. फोन लागत नव्हता.

"उद्या दुपारपर्यंत रस्ता होईल," जेसीबीवाला म्हणाला.

"दुपारी न्हाई चालत. सकाळी आठला दवाखान्यात लागतं," दस्तगीरभाई म्हणाले. मग मला म्हणाले, "तुमी हितंच थांबा. म्या त्याला घिऊन येतो. खालच्या अंगानं पायवाट हाय, येताना तिनं येऊ. दोन पोरं घेतो संगं, त्याला धरायला."

"आणि तुम्ही आत्ता तिनंच का जात नाही?"

"तिला तास जास्ती लागतो. येताना आंधळा मानूस संगं आसंल, तवा लागू दे. आता म्या एकटाच हाय."

त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, वहाणा काढून पिशवीत घातल्या, पिशवी पाठीला बांधली. छत्री मिटून काठीसारखी हातात धरली. जेसीबीवाला ओरडला, "ओ चाचा, जाऊ नका, वरनं अजून येतंय." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. ते आधी एक मिनिटभर मान वर करून डोंगराकडं बघत उभे राहिले. मग दरडीवर चढले.

धोंडा समोर आला की ते छत्रीच्या टोकानं तो ठोकायचे, मग एक पाय ठेवून भार द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे, आणि मगच दुसरा पाय उचलायचे. एका ठिकाणी धोंडा हलला. ते तिथंच थबकले, एक पाऊल मागं आले, डावीकडं दुसरा शोधला आणि तोही तितक्याच सावकाश ठोकून पाहिला. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं होतं. तो, मी आणि रस्त्याचे मजूर नुसते बघत होतो. पलीकडं पोचायला त्यांना पाव तास तरी लागला असेल. तिथं त्यांनी दगडावर बसून पाय पुसले, वहाणा घातल्या, छत्री उघडली आणि वळणावरून हिर्डोशीकडं चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. फक्त छत्री एकदा थोडी वर उचलली, आम्ही बघतोय हे माहीत असल्यासारखी.